काही खास नाही

नागपुरात हिवाळा लागला हे मला थंडीवरून कळत नाही, आईच्या फोनवरून कळतं. "सोले आले वं बाजारात," एवढं सांगून ती फोन ठेवते. सोले म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांतले कोवळे दाणे. या एका वाक्यात बाकीचं सगळं आलं असं ती धरून चालते: रविवारी ये, शेंगा सोलू लाग, कचोऱ्या करायच्या आहेत, जावईबापूंनाही आण. यंदाही डिसेंबर लागता लागता फोन आला. पण यंदा तिनं तो लगेच ठेवला नाही. पुढं विचारलं, "तुहा आता दौरा कुठं आहे?"

दौरा म्हणजे माझ्या कंपनीच्या कामाचा. आणि हे विचारणारी बाई एकाहत्तर वर्षांची होईपर्यंत एकाही सहलीला गेली नव्हती. माहेरी कन्हानला गेली, लग्नाकार्याला गेली, दवाखान्यात गेली. नुसतं पाहायला म्हणून गावाबाहेर कुठं गेली नाही. आम्ही मात्र दर हिवाळ्यात जायचो, आणि ती आम्हाला फाटकापर्यंत पोचवायची.

शेंगा सोलताना बोटांची टोकं काळी होतात. तो काळेपणा दोन दिवस जात नाही, आणि नखांत एक हिरवट, तुरट वास राहतो. माझ्या डोक्यात सहल म्हणजे आधी हा वास, मग बाकीचं. नाताळच्या सुट्टीत, निघायच्या आदल्या दुपारी आई मागच्या अंगणात उन्हाला पाठ देऊन शेंगांचा ढीग घेऊन बसायची. सोले, लसूण, मिरची, सांभार, सगळं पाट्यावर भरडलं जायचं. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, पुण्याच्या लोकांना हसायचं तर हसू द्या. पहाटे कढईतला चर्र आवाज ऐकू आला की आम्ही पांघरुणात ओळखायचो की निघायची वेळ झाली. नऊ माणसांच्या कचोऱ्या असायच्या: बाबा, दादा, मी, आत्या, काका-काकू आणि त्यांची तीन पोरं. माणशी चार, वर चार वाटेत भेटेल त्याच्यासाठी. चाळीस. हा आकडा तिच्या हातात बसला होता, मोजावं लागायचं नाही.

मग फाटकाशी मेटॅडोर उभी राहायची. डबे चढायचे, स्वेटर चढायचे, खिडकीसाठी भांडणं व्हायची. आई बाहेरून हात घालून माझी माकडटोपी नीट करायची आणि म्हणायची, "पाण्याजवळ जाऊ नको. अन् आल्यावर सांग काय काय पाह्यलं ते." गाडी वळेपर्यंत ती उभी असायची. मी मागच्या काचेतून पाहायचे. तिच्या साडीला कणीक लागलेली असायची.

ती का यायची नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही. आमच्या आजोबांचं म्हणणं होतं की घराला कुलूप लागू नये, कुलूप लागलेलं घर रुसतं. आजोबा मी चार वर्षांची असताना गेले. म्हणणं मागं राहिलं. त्याला नळाची जोड मिळाली, कारण आमच्या भागात पाणी सकाळी पाऊण तास यायचं आणि कुणीतरी भरायला पाहिजे. म्हणजे कुणीतरी घरी राहायला पाहिजे. आता हा 'कुणीतरी' लग्नाकार्याच्या वेळी बाबाही असायचे बरं का. आईच्या चुलतबहिणीच्या लग्नात ते तीन दिवस एकटे राहिले, पाणी भरलं, खिचडी करून खाल्ली, काही बिघडलं नाही. पण सहलीचा विषय निघाला की 'कुणीतरी' म्हणजे आई, हे जणू आकाशातून ठरून आलं होतं.

मी दहा वर्षांची असताना आम्ही चिखलदऱ्याला गेलो. परत आल्यावर आम्ही पोरांनी दोन तास सांगितलं. दरी किती खोल, ढग कसे पायाखाली, दादा कसा घसरला, गरम दुधाचा पेला हातात धरून कसं थरथरत उभं राहिलो. आई हसली, मधेमधे विचारत राहिली, "अन् मंग?" सगळं सांगून झाल्यावर ती उठली आणि मोरीवर गेली. सकाळीच घासून पालथी घातलेली भांडी तिनं पुन्हा घासायला घेतली. मला त्यात काही दिसलं नाही. बाबांना दिसलं. ते दारात उभे राहून तिच्या पाठीकडे पाहत होते.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही जबलपूरला गेलो, तिथून भेडाघाटला. मला जो हिवाळा आठवतो तो हाच. बाकीचे हिवाळे एकमेकांत मिसळून गेले, कुठली शेकोटी कुठल्या वर्षीची ते सांगता येणार नाही. पण हा स्वच्छ वेगळा आहे. सकाळी गवतावर दहिवर होतं, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि आम्ही एका पायवाटेनं चालत होतो तेव्हा पुढून एक आवाज यायला लागला. मालगाडी जवळून जाते तसा, पण संपतच नाही. मग वळणावर एकदम नर्मदा दिसली. ती खाली पडत होती आणि तिचाच धूर होऊन वर येत होती. म्हणून धुवांधार. तो धूर आमच्या तोंडावर, केसांवर, स्वेटरच्या लोकरीवर बारीक थेंबांनी बसला. काकूनं किंचाळून पदर डोक्यावर घेतला. पोरं नाचायला लागली.

बाबा नाचले नाहीत. सरकारी कचेरीतला साधा कारकून माणूस, चष्मा दिवसातून दहा वेळा पुसायची सवय, पण त्या दिवशी काचा पाण्यानं भरून गेल्या तरी त्यांनी पुसल्या नाहीत. काकांनी तीन हाका मारल्या. मी त्यांचा हात धरून उभी होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "हे हिनं पाहायला पाहिजे होतं." माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.

परतीच्या वाटेवर देवलापारला चहाला थांबलो. बाबांनी आम्हा पाचही पोरांना टपरीच्या मागं नेलं आणि शाळेत मास्तर सांगतात तसं सांगितलं, "घरी गेल्यावर फार कौतुक सांगत बसायचं नाही. आईनं विचारलं तर म्हणायचं, काही खास नाही."

दादा म्हणाला, "काहून? खास तर होतं."

"होतं. पण तिले कायले वाईट वाटू द्यायचं?"

आम्ही माना डोलावल्या. आईला वाईट वाटू द्यायचं नाही, यात काय चूक. घरी पोचलो तर ती फाटकाशी उभी. विचारलंच तिनं, "कसं होतं?" आणि बाबांनी पायातली चप्पल काढता काढता अगदी सहज सांगितलं, "काही खास नाही वं. आपल्या कन्हानसारखंच. थोडं उंचावरून पडते, एवढंच."

कन्हान तिच्या माहेराची नदी, गावाचं नावही तेच. तिचे वडील तिकडे कोळशाच्या खाणीत मुकादम होते, ती त्या नदीच्या काठानं शाळेत गेली. तिचा चेहरा उजळला. "अस्सं होय. मंग तर पाह्यलेलंच आहे," म्हणाली आणि आमच्यासाठी गरम पाणी काढायला गेली.

त्यानंतर हे चालूच राहिलं. पचमढी झाली, "टेकड्या आहेत, आपल्या सेमिनरी हिल्ससारख्या." तोतलाडोह झाला, "तळं आहे. अंबाझरीच समज." नागझिरा झालं, "झाडं. महाराजबागेत आहेत तशीच." बाबांनी अख्खा मुलूख नागपूरएवढा करून तिच्या हातावर ठेवला. आणि तिनं तो विश्वासानं घेतला. शेजारच्या ढोबळे काकूंना ती अभिमानानं सांगायची, "आमच्या ह्याईनं सगळं फिरून पाह्यलं. म्हणतेत, आपल्या नागपूरसारखंच आहे समदीकडे." मी शेजारी बसून ऐकायचे आणि शेंगा सोलायचे.

मोठी झाले, नोकरीला लागले. माझं काम वजनकाट्यांचं. ट्रक चढतो तो मोठा काटा बरोबर दाखवतो की नाही, ते जाऊन तपासायचं. आमचा कारखाना मिहानकडे, ऑफिस रामदासपेठेत, आणि काटे विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत कुठंही. वीस वर्षं हिंडते आहे. जबलपूरला अकरा वेळा गेले. अकराही वेळा काटा तपासला, सही घेतली आणि गाडीत बसून परत आले. भेडाघाटकडे वळणारा रस्ता दिसायचा, गाडी सरळ निघायची. कामाला गेलं की काम, अशी माझी शिस्त. आणि घरी आल्यावर आई विचारायची, "काय पाह्यलं?" मी सांगायचे, "काही खास नाही." मला वाटायचं मी खरंच सांगते आहे. आता वाटतं, ते बाबांचंच वाक्य माझ्या तोंडी बसलं होतं. दुसऱ्याचे काटे दुरुस्त करत हिंडणारी बाई मी, आणि घरचा काटा चाळीस वर्षं कमी दाखवत होता तो मला दिसला नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. दादा आधीच पुण्याला. घरात आई एकटी आणि घराला अजून कुलूप नाही.

मागच्या हिवाळ्यात, अशाच एका रविवारी आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. मी सांगितलं की बुधवारी जबलपूरला जायचं आहे, एका शीतगृहाचा काटा आहे, मटारचा हंगाम सुरू झाला की त्यांना तपासून पाहिजे. आई म्हणाली, "तिथं ते धुवांधार का काय म्हणतेत ते आहे ना वं? तिकडे जाऊ नको फालतू. वेळ जाते. कन्हानसारखंच आहे म्हणे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ही बाई मला, जिनं ते पाहिलं आहे तिला, समजावून सांगत होती की त्यात काही नाही. आणि किती मायेनं सांगत होती. मी म्हणाले, "आई, तू चल माझ्यासोबत."

"मी? मी येऊन काय करू?"

"पाहायचं."

"अन् घर? अन् नळ?"

"घराला काय होते?"

ती खरंच विचारात पडली. मग म्हणाली, "काय होते ते मले नाही माहीत. कधी लावलंच नाही ना कुलूप."

दोन दिवस 'हो-नाही' चाललं. गुडघा दुखतो, थंडी आहे, लोक काय म्हणतील, मांजर उपाशी राहील. मांजर आमचं नव्हतंच. शेवटी मंगळवारी रात्री तिचा फोन आला, "मी येतो. पण एक सांग, कुलूप कोणतं घेऊ?"

तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात कुलूपच नाही. बुधवारी सकाळी मी नवं कुलूप घेऊन पोचले, तर कोयंड्यात ते जाईना. दर दिवाळीला दाराला रंग लागलेला, आणि रंगवणाऱ्यानं दर वेळी कोयंड्यावरूनही ब्रश फिरवलेला. चाळीस थर. भोक बुजून गेलं होतं. आमचे ड्रायव्हर धनराजभाऊ गाडीतून पेचकस घेऊन आले आणि खरवडायला लागले. हिरवा निघाला, मग निळा, मग बाबांच्या आवडीचा चॉकलेटी, मग पुन्हा हिरवा. आई बाजूला उभी राहून पाहत होती. धनराजभाऊ म्हणाले, "आजी, हे दार आहे का रंगाचं दुकान?" ती हसली नाही. कुलूप तिनं स्वतः लावलं. दोनदा ओढून पाहिलं. गाडीत बसली, उतरली, पुन्हा जाऊन ओढून पाहिलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि टोक कमरेला खोचलं.

आणि मांडीवर डबा. मी विचारलं, "किती केल्या?" तर म्हणते, "नेहमीच्या." आम्ही तिघं आणि कचोऱ्या चाळीस.

कामठी गेली, कन्हानचा पूल आला. आईनं गाडी हळू करायला लावली आणि नदीला हात जोडले. हिवाळ्यातली कन्हान, वाळू जास्त, पाणी कमी. पूल संपला तशी ती ताठ बसली आणि म्हणाली, "इथपर्यंत मले माहीत आहे." तेव्हा कळलं की त्या रस्त्यानं तिचं जग तिथं संपत होतं. मनसरनंतर तिनं काच खाली केली. थंड वारा आत येत होता, मी म्हणाले काच लाव, तर म्हणे, "येऊ दे." देवलापारचं जंगल लागलं. ती एकेका झाडाकडे पाहत होती. मध्येच म्हणाली, "महाराजबागेसारखं तर नाही दिसून राह्यलं वं." मी खिडकीबाहेर पाहिलं. धनराजभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं काहीतरी आहे, पण शहाणा माणूस, पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागले.

शीतगृहावर माझं काम चाललं तोवर ती काट्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसली. मटारची पोती भरलेले ट्रक येत होते, हिरवा वास सगळीकडे. ट्रक गेल्यावर ती उतरून हळूच त्या लोखंडी फलाटावर जाऊन उभी राहिली. साठ टनांचा काटा, दहा-दहा किलोनं सरकणारा. पाटीवर साठ आलं. केबिनमधला माणूस म्हणाला, "अम्मा, साठ किलो." आईनं मला हाक मारली, "तुह्या काट्याले मी दिसतो वं." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकरा वेळा सरळ गेलेली गाडी वळवायला लावली.

खरं सांगायचं तर मला दोन्हीची भीती वाटत होती. तिला ते आवडलं नाही तर काय, आणि आवडलं तर काय. आवडलं तर चाळीस वर्षांचं खोटं उघडं पडणार होतं, आणि ज्यानं ते पहिल्यांदा सांगितलं तो माणूस आता उत्तर द्यायला नव्हता. उत्तर मलाच द्यायचं होतं. ती माझा हात धरून गुडघा सांभाळत चालत होती. दोन्हीकडे संगमरवरी मूर्तींची दुकानं. मग तो आवाज सुरू झाला. आईनं विचारलं, "गाडी येऊन राह्यली का?"

वळण आलं. कठड्यापाशी मी तिला उभं केलं आणि तिचा हात सोडला.

धूर वर येत होता, तिच्या पांढऱ्या केसांवर बसत होता, चष्म्याच्या काचा भरून गेल्या. तिनं पुसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, अगदी बाबांसारखंच. मग ती माझ्याकडे वळली.

"हे कन्हान आहे का?"

मी चष्मा पुसायला तिच्यापुढं रुमाल धरला.

"मी विचारून राह्यली, वैजू. हे कन्हान आहे का? असं पाणी कन्हानले कधी पाह्यलं तू?"

"नाही आई."

"थोडं उंचावरून पडते म्हणे. खोटारडा माणूस." तिचा आवाज पाण्याच्या आवाजावर चढला. शेजारचं एक कुटुंब वळून पाहायला लागलं. "चाळीस वर्षं मले उल्लू बनवलं. अन् तू? तूबी?"

मग मी सगळं सांगितलं. टपरीमागं उभं करून बाबांनी काय शिकवलं ते. पुन्हा घासलेली भांडी. आणि राखून ठेवलेलं ते वाक्यही सांगितलं, की बाबा इथंच, या कठड्यापाशी म्हणाले होते, हे हिनं पाहायला पाहिजे होतं. मला वाटलं यानं तिचा राग उतरेल. ते वाक्य मी किती वर्षं जपून ठेवलं होतं.

आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग आणायचं होतं."

एवढंच. बाबांनी मायेनं खोटं सांगितलं हे खरं आहे, आणि त्या खोट्यात आमची सगळ्यांची सोय होती हेही खरं आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही जग लहान करून सांगितलं. तिला सोबत न्यायचं एवढं सोपं काम आमच्या नऊ डोक्यांत आलं नाही. एक वर्ष बाबा राहिले असते घरी, एक वर्ष काका, एक वर्ष मी. खिचडी करता येत होती सगळ्यांना.

मी रडायला लागले. ती नाही रडली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, किल्ली गालाला लागली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी दुसरंच यायला लागलं.

"पचमढी?" तिनं विचारलं.

"काय पचमढी?"

"सेमिनरी हिल्ससारखी आहे का?"

"नाही आई."

"तोतलाडोह?"

"अंबाझरीच्या किती पट."

"नागझिरा?"

"तिथं वाघ आहे."

"महाराजबागेतबी होता म्हणा, पिंजऱ्यात," असं म्हणून ती हसायला लागली. कठड्याला धरून हसली. "म्हणजे समदं बाकी आहे वं माह्यं. एकबी पाह्यलेलं नाही." मला वाटलं होतं, काय काय हुकलं ते ती मोजत बसेल. ती तर काय काय शिल्लक आहे ते मोजत होती.

मग डबा उघडला. चाळीस कचोऱ्या नर्मदेच्या धुरात वाटल्या गेल्या. वळून पाहणाऱ्या त्या कुटुंबाला दिल्या, फोटोवाल्याला दिल्या, एका मूर्तीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला दिल्या. नंतर संगमरवराच्या पांढऱ्या कड्यांमधून नाव नेणाऱ्या नावाड्याला चार दिल्या. तो दगडांत कुठं हत्ती दिसतो, कुठं मोटार दिसते ते यमक जुळवून सांगत होता, पण तोंडात कचोरी असल्यामुळे यमक अडकत होतं. आई नावेत मधोमध बसून पाण्यात हात बुडवून होती. पाण्याजवळ जाऊ नको, असं मला दर वर्षी सांगणारी हीच ती बाई. आयुष्यभर सहलीच्या कचोऱ्या केल्या, सहलीत बसून पहिली तिनं तिथं खाल्ली. खाऊन म्हणाली, "थंड झाली तरी चांगली लागते. मले वाटलं होतं कडक होत असेल."

घरी परतलो तेव्हा घर जागच्या जागी होतं. रुसलेलं दिसलं नाही. सवयीनं आई अंगणातली नळाची तोटी उघडी ठेवून गेली होती, तर पाणी वाहून मिरचीच्या वाफ्यात गेलं होतं, आणि मिरच्या कधी नव्हत्या तेवढ्या टवटवीत दिसत होत्या. ढोबळे काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "कसं होतं, वैनी?"

आईनं दोन तास सांगितलं. मी खुर्चीवर बसून ऐकत होते, आणि मला ते चिखलदऱ्याचे दोन तास आठवत होते. आवाज कसा, धूर कसा, साठ किलो कशी भरली, नावाडी कसा अडखळला. काकू हसत होत्या, "अन् मंग?" विचारत होत्या. काकूंचं घरही आमच्यासारखंच, ढोबळे काका वर्षातून दोनदा मित्रांसोबत फिरून येणार आणि काकू नळ धरणार. सांगून झालं, काकू आत गेल्या, आणि थोड्या वेळानं त्यांच्या मोरीवरून भांड्यांचा आवाज यायला लागला. आईनं तो ऐकला. मीही ऐकला. आमच्या घरात या आवाजाचा अर्थ चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाला कळला होता आणि त्यानं त्यावर एक उपाय काढला होता. आई उठून कुंपणापाशी गेली. "ढोबळेबाई," तिनं हाक मारली, "पुढच्या टायमाले तुम्ही चाला माह्यासंग."

वर्ष गेलं. पुन्हा शेंगा आल्या, बोटं काळी झाली, आणि आई फोनवर विचारत होती, दौरा कुठं आहे. मी सांगितलं, पिपरियाला, एका डाळ मिलचा काटा आहे. तिनं 'पिपरिया' दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "पिपरियाहून पचमढी किती लांब पडते वं?" नकाशा तिनं कुणाकडून तरी आधीच पाहून ठेवला होता, नाही तर हे विचारलं नसतं.

आज सकाळी मी गाडी घेऊन पोचले तेव्हा ती फाटकाच्या बाहेर उभी होती. दाराला कुलूप लागलेलं होतं, आणि या वेळी ते ओढून पाहायला ती परत गेली नाही. धनराजभाऊंनी डबा घेतला, वजन करून पाहिल्यासारखा हलवला आणि म्हणाले, "चाळीस?" आई म्हणाली, "चाळीस." ढोबळे काकू नवा स्वेटर घालून मागच्या सीटवर आधीच बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून, लग्नाला निघाल्यासारख्या.

ढोबळे काका त्यांच्या फाटकाशी उभे होते. त्यांच्या हातात एक कागद होता. नळाची वेळ, दुधाची वेळ, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं, सगळं काकूंनी लिहून दिलेलं. बिचारे बनियनवर स्वेटर घालून थंडीत उभे, आणि गाडीकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावरचा भाव मला ओळखीचा वाटला, मेटॅडोरच्या मागच्या काचेतून दिसायचा तो. त्यांनी विचारलं, "तिथं आहे तरी काय एवढं, वैनी?"

आई पुढच्या सीटवर बसली. किल्लीचा पदर कमरेला खोचला, काच खाली केली आणि फार मायेनं म्हणाली, "मनाले लावून घेऊ नका, भाऊजी. काही खास नाही. आपल्या सेमिनरी हिल्ससारखंच आहे."